चिंचमाळचा व्हॉल्व्ह कोणी बंद ठेवला

चिंचमाळच्या पाणीयोजनेत ठेकेदाराने गावाला फसवलं आणि चोरीचा आळ गावच्या व्हॉल्व्हमनवर, म्हातारदेववर, घातला. त्यासाठी त्याने माझं पॅनेल वापरलं. पॅनेलच्या दारावर माझ्या वर्कशॉपच्या नावाची पितळी पट्टी होती आणि तिच्याखाली माझा फोन नंबर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी पीएलसी म्हणजे काय ते समजावणार आहे, हसण्यासारखंही थोडं येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की बबनराव दिवाळी अंकासाठी गंमत सांगतायत. तसं वाटून घेऊ नका.

मी नगरच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल, म्हणजे यंत्रांना हुकूम देणारी पत्र्याची कपाटं, बनवतो. मूळचा पाथर्डी तालुक्यातला. आईबाप ऊसतोडीला जायचे, मी आयटीआयला गेलो. एवढी जीवनकहाणी पुरे. भाव करण्यात मला सहसा कोणी हरवत नाही आणि चिडलो की माझा आवाज शेजारच्या शेडपर्यंत जातो, हे एमआयडीसीत कोणीही सांगेल. आणखी एक सांगतील. माझ्या पॅनेलमध्ये नंबर नसलेली तार सापडत नाही. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबराची बारकी पांढरी नळी असते. उद्या मी नसलो तरी दुसऱ्या वायरमनला तार कुठून आली आणि कुठे चालली ते कळलं पाहिजे. आता डोळ्यांना ते नंबर नीट दिसत नाहीत, तरी रोज जातो आणि दुसऱ्यांनी ओढलेल्या तारांना नावं ठेवतो.

पीएलसी, म्हणजे पॅनेलमधला हुकूम सोडणारा संगणक, काय असतो असं कोणी विचारलं, की मी त्याला कांद्याच्या लिलावाचं उदाहरण देतो. लिलावात एक घोळका ढिगाढिगाने फिरतो. माल उपसून दाखवणारा असतो, सौदा तोडणारा आडत्या असतो, सौदा तुटला की गोण्या उचलणारे हमाल असतात. हमाल भाव बोलत नाही आणि माल दाखवणारा गोणी उचलत नाही. पीएलसीतही तसंच. एका पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेले डबे. एक पॉवर सप्लाय, तो बाहेरची दांडगी वीज घेतो आणि तिची चोवीस व्होल्टची गरीब वीज करून बाकीच्यांना पोसतो. त्याच्या शेजारी सीपीयू, म्हणजे आडत्या. मग इनपुट कार्ड. टाकी भरली का, व्हॉल्व्ह उघडला का, मोटर तापली का, या सगळ्या खबरी आणणाऱ्या तारा त्याच्याकडे येतात. तारेवर वीज आली तर त्याचा बारका दिवा लागतो आणि ते सीपीयूला ‘हो’ म्हणतं. वीज नाही तर ‘नाही’. तिसरं उत्तर त्याला येत नाही. शेवटी आउटपुट कार्ड, आपला हमाल. सीपीयूने हुकूम सोडला की त्याच्यातला चिमुकला रिले टिक करतो, तो बाहेरच्या मोठ्या कॉन्टॅक्टरला, म्हणजे दणकट स्विचला, ओढतो, आणि कॉन्टॅक्टर मोटर चालवतो.

या आडत्याला बसणं माहीत नाही. आधी सगळ्या इनपुटची हजेरी, मग त्याच्यात भरलेल्या प्रोग्रॅमचे नियम वरून खाली लावायचे, मग आउटपुटला हुकूम, की पुन्हा हजेरी. पापणी लवेपर्यंत अशा कितीतरी फेऱ्या होतात. मधेच काही घडलं तर ते पुढच्या फेरीत ऐकलं जातं. पण सीपीयूला डोळे नाहीत. त्याने गाव पाहिलेलं नसतं, पाणी पाहिलेलं नसतं. इनपुट कार्ड सांगेल तेवढंच त्याचं जग.

एका दूध डेअरीत पिशव्या भरायचं मशीन होतं. खंडेनवमीला मालकाच्या आईने सगळ्या यंत्रांची मनोभावे पूजा केली आणि पिशवी ओळखणाऱ्या सेन्सरच्या काचेवर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं. दसऱ्याला मशीन सुरू केलं तर ते पिशवी नसतानाच दूध सोडायला लागलं, कारण सेन्सर म्हणत होता, पिशवी आहे. फरशीवर दुधाचा पाट. मालक फोनवर माझा उद्धार करत होता. मी गेलो आणि रुमालाने काच पुसली. मशीन सरळ झालं. म्हातारी रागावली, “देवाचं कुंकू पुसलं तुमी.”

म्हणालो, “आजी, कपाळाला लावा. डोळ्यात घालू नका.”

चिंचमाळमध्ये डोळ्यात घालायचं काम जाणूनबुजून झालं होतं.

गाव डोंगराच्या कडेला. टेकडीवर पाण्याची टाकी आणि टाकीखाली तीन लाइनी: एक वरच्या वस्तीला, एक गावठाणाला, एक खालच्या वस्तीला. प्रत्येक लाइनीवर जमिनीतल्या चेंबरमध्ये मोटरवर फिरणारा व्हॉल्व्ह. टाकीजवळच्या खोलीत माझं पॅनेल. टाकी भरलेली असते तेव्हा दाब चांगला असतो, म्हणून पहिली पाळी वरच्या वस्तीची. पीएलसीने त्या व्हॉल्व्हला ‘उघड’ म्हणायचं, व्हॉल्व्ह टोकाला पोचला की दबणाऱ्या लिमिट स्विचकडून ‘उघडलो’ अशी खबर आली की पाळी सुरू. खबर नाही आली तर भोंगा वाजवायचा आणि पुढची कोणाचीच पाळी सुरू करायची नाही. चांगला प्रोग्रॅम होता. ज्याने लिहिला त्याला मी ओळखत नाही, पण माणूस हुशार असावा.

ठेकेदार पॅनेलचा सौदा करायला माझ्याकडे आला तेव्हा त्याची नजर नेमकी या खबरीवर पडली.

“बबनराव, ही उघडल्याची तार परत आणायची भानगड कशाला? मोटरला वीज दिली की व्हॉल्व्ह उघडणारच ना. ते कार्ड काढा, ती केबल काढा, भाव उतरवा.”

“शेठ, तुम्ही ऊसतोडीच्या मुकादमाला उचल दिली की टोळी येणारच ना?”

तो हसला. “ते वेगळं.”

“तेच आहे. हुकूम सोडणं वेगळं आणि झालं का ते बघणं वेगळं.”

चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. पॅनेलच्या पत्र्यावर मी उतरलो, रंगावर उतरलो, पोचवण्याचा टेम्पो माझ्याकडून दिला. कार्डावर उतरलो नाही. तो उठला तेव्हा मला वाटलं, सौदा मी जिंकला. त्याने त्या कार्डाचं काय करायचं ते तेव्हाच ठरवलं होतं की नंतर, देव जाणे.

उद्घाटन दिवाळीनंतर झालं. मला बोलावणं नव्हतं. मोठे पाहुणे आले, गावठाणातल्या नळाला फीत बांधली, नारळ फुटला, पाणी आलं, फोटो निघाले. त्या दिवशी वरच्या वस्तीत कुत्रं भुंकायला नव्हतं. ती सगळी ऊसतोड्यांची घरं. दाराला कुलपं लावून, पोरंबाळं, शेरडं, भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढवून वस्ती कारखान्याकडे गेलेली. नळ उघडून बघायला तिथे माणूसच नव्हतं. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडे अर्धं गाव दिवाळीला निघतं आणि शिमग्याच्या पुढेमागे परततं, हे तालुक्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. योजना करणाऱ्यांनाही ठाऊक असणार.

हंगाम संपला, वस्ती परतली, नळ फिरवला आणि नळातून हवासुद्धा आली नाही.

सरपंच सुनीताताईंचा मला फोन आला तेव्हा प्रकरण पार चिघळलं होतं. “पॅनेलवर तुमचा नंबर हाय म्हनून केला,” त्या म्हणाल्या. “तुमचं मशीन रोज सांगतं, वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडला. वस्तीत थेंब न्हाई. मशीन खरं का मानूस खरा, येवढं सांगा.”

“माझं मशीन खोटं बोलत नाही,” मी ओरडलो.

“मग या की हितं. फोनवर कशाला वरडताय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप काढली. नगर सोडल्यावर डोंगर दिसेपर्यंत मी मनात भांडतच होतो.

टाकीच्या खोलीसमोर व्हॉल्व्हमन उभा होता. हाच म्हातारदेव. नावाने म्हातारा, वयाने पन्नाशीच्या आतबाहेर. जुन्या योजनेपासून गावाला पाणी सोडायचं काम त्याच्याकडे. नवी योजना आल्यावर त्याच्या हातातली लोखंडी चावी गेली आणि खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा आला. राहायला खालच्या वस्तीत. तेच त्याच्या मुळावर आलं होतं.

गावाचं म्हणणं असं होतं. पॅनेलच्या पडद्यावर लिहून येतं की वरचा व्हॉल्व्ह उघडला. म्हणजे मशीन उघडतं. तरी पाणी येत नाही, म्हणजे मागाहून कोणीतरी हाताने बंद करतं. चेंबरच्या कुलपाची किल्ली म्हातारदेवच्या जुडग्यात. वरचं पाणी अडलं तर टाकीत उरलेलं पाणी खालच्या वस्तीला जास्त मिळतं, आणि तिथे त्याचं घर. शिवाय शेरडं राखणाऱ्या एकाने त्याला चेंबरमध्ये वाकलेला पाहिला होता. एवढं कमी होतं म्हणून ठेकेदाराने गावच्या सभेत येऊन माईक हातात घेतला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “मशीन खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. किल्ली कोणाकडे आहे ते बघा.”

त्या दिवसापासून म्हातारदेवच्या बायकोशी कोणी बोलत नव्हतं. पुढच्या सभेत त्याला काढायचं ठरलं होतं.

“चेंबरमध्ये कशाला वाकला होतास?” मी विचारलं.

“पाइपाला कान लावला हुता. पानी चालतं तवा पाइप गुनगुनतो. ह्यो मुका हाय, सायेब. व्हॉल्व्हवरचा काटाबी ‘बंद’वरच हाय. म्या सांगितलं तर ठेकेदार म्हनला, काटा निसटलाय, यंत्राला हात लावला तर ग्यारंटी जाईल आन् भरपाई तुज्याकून घीन.”

मी पॅनेल उघडलं. म्हातारदेवला सांगितलं, वरच्या वस्तीची पाळी लाव. त्याने पडद्यावर बोट दाबलं. आउटपुट कार्डावरचा दिवा काजव्यासारखा एकदा लुकलुकला आणि विझला. कॉन्टॅक्टरचा आवाजही धड झाला नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडेपर्यंत तो दिवा लागून राहायला हवा होता. मग इनपुट कार्डाकडे पाहिलं. ‘वरची वस्ती उघडली’ या खबरीचा दिवा शांतपणे जळत होता. पाळी लावायच्या आधीपासून जळत होता. सीपीयू हुकूम सोडत होता, पुढच्याच फेरीत त्याला कळत होतं की व्हॉल्व्ह तर उघडाच आहे, आणि तो हुकूम मागे घेत होता. व्हॉल्व्ह केसभरही हलत नव्हता.

इनपुटच्या टर्मिनलपाशी वाकलो. माझ्या करड्या, नंबर घातलेल्या तारांच्या ओळीत एक बोटभर लांबीची लाल तार होती. एक टोक चोवीस व्होल्टवर, दुसरं त्या इनपुटवर. आमच्या धंद्यात याला लूप मारणं म्हणतात. कायमचं ‘हो’. कुंकवाचं बोट.

तारेला हात लावला नाही. म्हातारदेवला घेऊन वरच्या चेंबरपाशी गेलो. व्हॉल्व्हच्या मोटरमधून निघालेली काळी केबल रुबाबात पाइपात शिरून जमिनीत गेली होती. मी ती धरून जरा ओढली. केबल हातात आली. हातभर लांबीची. पुढे काहीच नव्हतं. टाकीपासून इथपर्यंत सगळा कातळ. कोणी चर खोदलाच नव्हता.

म्हातारदेव तो तुकडा हातात घेऊन खाली बसला.

मी मोटरवरचं चाक हाताने फिरवलं आणि व्हॉल्व्ह उघडला. पाइपातून आधी वारा सुटला, मग पाणी. वस्तीतून आरडाओरडा ऐकू आला, हंडे आपटल्याचे आवाज आले. मला वाटलं, काम झालं. तेवढ्यात कौसाबाई वर चढून आली. वस्तीतली सगळ्यात जुनी तोडकरीण, कोयता धरून हातांना घट्टे पडलेली, आणि जीभ कोयत्याहून धारेची.

“हातानं उघडलं व्हय?”

“हो, मावशी.”

“म्हंजी हातानंच बंद केल्तं.” तिने म्हातारदेवकडे हात केला. “आमी इक्ता येळ काय म्हनत हुतो मग?”

पाणी सुरू करून मी त्या माणसाला आणखी खोल गाडला होता. लाल तार दाखवली असती तरी कौसाबाईला ती काय समजणार? पॅनेल माझं, तार माझ्या पॅनेलमध्ये, आणि तिच्या लेखी मी ठेकेदाराचाच माणूस. हे चेंबरपाशी चार माणसांत मिटणारं नव्हतं. सगळ्या गावासमोर व्हायला हवं होतं आणि ठेकेदार समोर हवा होता.

सरपंचांना म्हणालो, “सभा टाकीच्या खोलीसमोर लावा. माईक पण तिथेच. ठेकेदाराला मी आणतो.”

“त्यो फोन उचलीत न्हाई आमचा.”

“माझा उचलेल.”

उचलणारच होता. त्याच्या पुढच्या गावाच्या योजनेचं पॅनेल माझ्या वर्कशॉपमध्ये रंगून, तपासून तयार होतं आणि तिथलं उद्घाटन त्याच्या डोक्यावर बसलं होतं. मी गोड आवाज काढला. “शेठ, तुमचं पॅनेल तयार आहे. मी चिंचमाळला आहे, इकडेच या, बोलून घेऊ.” गोड आवाज मला फारसा जमत नाही, पण गरजवंताला ऐकू येत नाही.

तो यायच्या आधी मी आणि म्हातारदेवने व्हॉल्व्हवरची मोटर सोडवली. व्हॉल्व्ह उघडाच ठेवला, वस्तीला पाणी चालू. मोटर जीपमध्ये घालून खाली आणली आणि खोलीसमोरच्या टेबलावर गोणपाट अंथरून त्यावर ठेवली. शेजारी केबलचा तुकडा. पॅनेलची दारं सताड उघडी, पडदा लोकांकडे.

गाव जमलं. वरची वस्ती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, मधे रिकामी जागा. म्हातारदेव त्या रिकाम्या जागेच्या कडेला एकटा. ठेकेदार गाडीतून उतरला, टेबल पाहिलं आणि परत गाडीकडे बघितलं. सुनीताताईंनी खुर्ची पुढे केली. बसावं लागलं.

मी कौसाबाईला पुढे बोलावलं. “मावशी, ही वरच्या व्हॉल्व्हची मोटर. हिनेच व्हॉल्व्ह उघडायचा आणि हिनेच उघडला म्हणून सांगायचं. आता ही कुठे आहे?”

“टेबलावर हाय की. दिसंना व्हय?”

“हिला एखादी तार लावलेली दिसते?”

तिने मोटर उचलता येते का पाहिलं, खालून हात फिरवला. “न्हाई.”

“ताई, पडद्यावर काय आहे ते वाचा.”

सुनीताताईंनी चष्मा लावला आणि माईकवर वाचलं, “वरची वस्ती. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.”

मग कौसाबाई टेबलाला वळसा घालून पडद्यापाशी गेली, परत टेबलापाशी आली. “ही हितं गोनपाटावर बसलीया, आन् तितं जाऊन उघडलीबी. लई चपळ हाय बया.”

हशा दोन्ही बाजूंनी उठला. बऱ्याच दिवसांनी ती दोन्ही बाजूची माणसं एकाच गोष्टीला हसली असावीत.

ठेकेदार उठला. माणूस कच्चा नव्हता. “केबल चोरीला गेली आहे,” तो म्हणाला. “दिसतंय की, तोडलेली आहे. तांब्यासाठी केबल चोरणारे थोडे आहेत का? आणि चेंबरची किल्ली कोणाकडे असते?”

सगळ्या माना पुन्हा म्हातारदेवकडे वळल्या. मला मनातून आनंद झाला. तो हेच बोलेल अशी माझी अटकळ होती.

“केबल चोरीला गेली तर खबर बंद पडली पाहिजे,” मी म्हणालो. “तार तुटली की वीज नाही, वीज नाही की दिवा नाही, दिवा नाही की मशीन म्हणणार ‘उघडला नाही’ आणि भोंगा वाजवणार. शेठ, तुमचा चोर केबल घेऊन गेला आणि खबर ठेवून गेला?” मग लोकांना लाल तार दाखवली. “ही खबर व्हॉल्व्हकडून येतच नाही. हितल्या हितं, एका बोटाच्या अंतरावरून येते.”

आणि तार उपटली.

इनपुटचा दिवा गेला. भोंगा असा वाजला की खोलीवरची कबुतरं उडाली. पडद्यावर तांबड्या अक्षरांत आलं, ‘वरची वस्ती: व्हॉल्व्ह उघडला नाही.’ सीपीयूने नियमाप्रमाणे बाकीच्या पाळ्या थांबवल्या. थोड्या वेळात खालच्या वस्तीतून कोणीतरी धावत आला, “आमचं पानी का तोडलं?”

“हिवाळाभर असंच व्हायला हवं होतं,” मी बटण दाबून भोंगा थांबवला आणि सांगितलं. “पहिल्याच दिवशी. उद्घाटनाच्या नळाला पाणी आलं नसतं, आणि पाहुण्यांसमोर हा भोंगा वाजला असता.”

ठेकेदार माझ्यावर घसरला. “पॅनेल तुमचं. तार तुमच्या पॅनेलमध्ये. माझा काय संबंध?”

मी म्हातारदेवला म्हणालो, “पुढे ये. पॅनेलमधली कुठलीही तार बघ आणि तिच्या टोकावर काय आहे ते माईकवर सांग.” तो एकेक तार धरून नंबर वाचत गेला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज मोठा होत गेला. मग मी लाल तार त्याच्या हातात दिली. त्याने दोन्ही टोकं उलटसुलट करून पाहिली.

“हिला नंबर न्हाई.”

“माझ्या वर्कशॉपमधून नंबर नसलेली तार बाहेर गेली असेल तर हे पॅनेल मी डोक्यावर घेऊन नगरपर्यंत चालत जाईन,” मी म्हणालो, आणि हे बोलताना माझा आवाज माईकशिवाय सगळीकडे गेला.

मी ओरडतो तेव्हा समोरचाही ओरडतो, हा सौद्यातला जुना अनुभव. ठेकेदार ओरडला, “अहो, उद्घाटनाच्या दिवसापुरताच मारला होता तो लूप! पाहुण्यांची तारीख पक्की झालेली, कातळ फुटत नव्हता, काय करणार होतो मी?”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो खुर्चीवर बसला.

मला अजून एक काम उरलं होतं. मशीनवरचा विश्वास मोडून मी गावाला सोडणार नव्हतो. जीपमधली केबल काढून टेबलावरची मोटर पॅनेलला नीट जोडली, जशी पहिल्या दिवशी जोडायला हवी होती. मोटरवरचा काटा हाताने ‘बंद’वर आणून ठेवला आणि कौसाबाईला म्हणालो, पडद्यावर बोट ठेवा. तिने पदराला बोट पुसलं आणि दाबलं.

आउटपुटचा दिवा लागला आणि लागून राहिला. रिलेने टिक केलं, कॉन्टॅक्टर धाडकन बसला, टेबलावरची मोटर गुरगुरली आणि काटा सावकाश ‘बंद’वरून निघाला. पोरंसोरं टेबलाला भिडली. काटा ‘उघडा’वर पोचला, आत लिमिट स्विच कट् वाजला, इनपुटचा दिवा लागला, पुढच्या फेरीत सीपीयूने हुकूम मागे घेतला, मोटर थांबली. पडदा म्हणाला, पूर्ण उघडला. तांबडी अक्षरं गेली, खालच्या वस्तीची थांबलेली पाळी पुन्हा सुरू झाली. आयुष्यात मी असंख्य पॅनेलं चालू करून दिली. टाळ्या एवढ्याच एका पॅनेलला पडल्या.

राहिली केबल. ठेकेदार म्हणाला, बघू, पावसाळ्यानंतर. मी म्हणालो, तुमचं पुढचं पॅनेलही पावसाळ्यानंतर. तो म्हणाला, हा अन्याय आहे. मी म्हणालो, वरच्या वस्तीला विचारू का? झाडाखाली बसून आम्ही बोललो. मी रंगावर उतरलो नाही, टेम्पोवर उतरलो नाही, कशावरच उतरलो नाही. त्याच आठवड्यात कातळ फोडायचं मशीन गावात आलं. चर खोदताना दोन्ही वस्त्यांची माणसं कडेला उभी राहून केबल किती खोल जाते ते बघत होती. केबल पोचली, मोटर बसली, आणि वरच्या वस्तीची पहिली पाळी मशीनने स्वतः सोडली. त्यानंतरच माझ्या वर्कशॉपमधून त्याचा टेम्पो हलला.

म्हातारदेव कामावर राहिला. कौसाबाई पाण्याच्या पहिल्या दिवशी त्याला म्हणाली, “आता पानी चुकलं तर मशीनला नाय धरायची मी. तुलाच धरीन.” तो म्हणाला, “धर की. पर आदी भोंगा आयक.” तिने त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावलं. आमच्याकडे यापेक्षा जास्त माफी मागायची पद्धत नाही, आणि बाईमाणसांत तेवढी पुरते.

ठेकेदाराला मात्र ती पुरणार नाही. केबल त्याने पॅनेलसाठी टाकली, म्हातारदेवसाठी नाही. त्या दिवशी तो सभेतून उठून गाडीत बसला तेव्हा म्हातारदेव गाडीच्या दाराशीच उभा होता आणि ठेकेदाराने काच वर घेतली. आळ त्याने माईकवर घातला होता; आळ काढताना त्याची वाचा बसली. गावाने म्हातारदेवला चोर ठरवलं ते मशीनच्या शब्दावर, आणि मशीनच्या तोंडात तो शब्द कोणी घातला हे आता सगळ्यांना माहीत आहे.

आणि तो एकटा नाही. योजना पूर्ण झाल्याचा दाखला एका साहेबाने सही करून दिला. तिन्ही व्हॉल्व्ह तपासले, असं त्यात आहे. साहेब, तुम्ही वरच्या वस्तीच्या चेंबरचं झाकण उघडलं होतं का? उघडलं असेल तर हातभर केबल तुम्हाला दिसली कशी नाही, आणि उघडलं नसेल तर सही कशावर केली?

तुम्ही दोघंही नगर जिल्ह्यातच आहात, हा अंक तुमच्या हाती पडेल. चिंचमाळची सभा ठरली की सुनीताताई तुम्हाला कळवतील. या, माईक घ्या, म्हातारदेवला समोर उभा करा आणि त्याच्याकडे बघून सांगा की व्हॉल्व्ह तुम्ही बंद ठेवला होता. सांगणार आहात की नाही?